लेझर झालं तरी प्रेशर उतरत नाही, आता मोतीबिंदू काढायचा का ट्रॅब करायचं?

या वेळी निवडलेले चारही प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत, बंद कोनाचा काचबिंदू, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोपरा बंद होऊन आतलं प्रेशर वाढतं आणि डोळ्याची नस खराब होते तो, डॉक्टर ज्याला अँगल क्लोजर म्हणतात आणि आपल्या नागपुरात बरेच जण सरसकट काळा मोतिया म्हणून मोकळे होतात. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली, कारण तोच प्रश्न माझ्या ओपीडीत कोणी ना कोणी विचारतंच, आणि तिथे मागे रांग लागलेली असते त्यामुळे नीट सांगायला वेळ मिळत नाही.

प्रश्न 1: डॉक्टर मॅडम, माझी आई 58 वर्षांची आहे. चष्मा पहिल्यापासून प्लसचा, आता +4 आहे. दोन वर्षांआधी दोन्ही डोळ्यांत लेझरनी छिद्र पाडलं होतं. पण उजव्या डोळ्याचं प्रेशर तीन-तीन ड्रॉप टाकूनही 26-27 च्या खाली येऊन नाही राहिलं. रिपोर्टात कप (नसेतला खड्डा, नस झिजली की तो वाढतो) 0.7 लिहिलंय, अँगल अर्धा चिकटला म्हणतात. मोतीबिंदू थोडासाच आहे, टीव्ही बरोबर दिसतो, सुईत दोरा मात्र ओवता येत नाही. धंतोलीचे एक डॉक्टर म्हणाले फक्त मोतीबिंदू काढा, प्रेशर उतरेल. रामदासपेठेतले दुसरे म्हणाले मोतीबिंदू आणि ट्रॅब (काचबिंदूचं ऑपरेशन) एकाच वेळी करून टाका. मोठे काका म्हणतात का काळ्या मोतियाला हातच लावू नका, त्यांच्या ओळखीतल्या एकाची नजर ऑपरेशननंतर गेली. आम्ही कोणाचं ऐकावं? (एक मुलगी, मानेवाडा)

उत्तर: ताई, पहिली गोष्ट, दोन्ही डॉक्टरांपैकी कोणी तुम्हाला फसवत नाहीये. हा प्रश्नच असा आहे की दोन चांगले डॉक्टर दोन उत्तरं देऊ शकतात, आणि का देतात ते कळलं की तुमची अर्धी काळजी कमी होईल.

डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होत असतं, ते बाहुलीतून पुढे येतं आणि जिथे आयरिस, म्हणजे डोळ्यातली ती रंगीत चकती, कॉर्नियाला, म्हणजे पुढच्या पारदर्शक काचेला, भेटते त्या कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून बाहेर जातं. तो कोपरा म्हणजे अँगल. प्लस नंबरवाल्यांचा डोळा मुळात लांबीला छोटा असतो आणि आतलं भिंग मात्र आयुष्यभर जाड होत जातं, तरुणपणी साडेतीन-चार मिलिमीटरचं भिंग साठीपर्यंत साडेचार-पाचकडे सरकतं. आता महालातल्या एखाद्या जुन्या वाड्यातली चिंचोळी खोली डोळ्यांपुढे आणा, त्यात एक कपाट आहे आणि ते दरवर्षी थोडं थोडं फुगतंय, शेवटी ते दारालाच टेकतं आणि दार उघडेनासं होतं. लेझरनी काय केलं, तर पाण्याला पुढे यायला आयरिसमध्ये एक झरोका करून दिला, त्यानी दारावरचा मागचा दाब कमी होतो, बऱ्याच जणांना तेवढं पुरतंही. पण कपाट तिथेच आहे नं! तुमच्या आईच्या बाबतीत मला तरी तेच दिसतंय.

म्हणून धंतोलीचे डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू काढा. खरं तर त्यांना म्हणायचंय भिंग काढा, मोतीबिंदू कमी का असेना. पाच मिलिमीटरचं भिंग काढून जेमतेम मिलिमीटरभर जाडीची कृत्रिम लेन्स बसली की आयरिस मागे पडते आणि कोपरा उघडतो. हे नुसतं तर्कानी सांगत नाहीये. ईगल नावाचा एक मोठा अभ्यास 2016 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, 50 च्या वरचे 419 पेशंट, मोतीबिंदूचा त्रास नसलेले, निम्म्यांचं साफ भिंग काढलं आणि निम्म्यांना आधी लेझर मग गरजेप्रमाणे ड्रॉप. तीन वर्षांनी भिंग काढलेल्यांचं सरासरी प्रेशर 16.6 आणि लेझरवाल्यांचं 17.9, म्हणजे फरक छोटाच, पण खरी गोष्ट पुढे आहे, भिंग काढलेल्या 10 पैकी 6 जणांना प्रेशरसाठी पुढे काहीच उपचार लागले नाहीत आणि लेझरवाल्यांत असे 10 पैकी दोनच. रोज तीन बाटल्या सांभाळणाऱ्या बाईला हा फरक काय असतो ते तुम्ही घरात बघताच आहात. फक्त एक लक्षात ठेवा, खूप पुढे गेलेला काचबिंदू असलेले पेशंट त्यात घेतलेच नव्हते, आणि भारतातलं हॉस्पिटलही त्यात नव्हतं, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे प्रत्येकाला लावता येत नाहीत.

आता रामदासपेठेवाल्यांची बाजू. ट्रॅब म्हणजे ट्रॅबेक्युलेक्टॉमी, 1968 पासून चालत आलेलं ऑपरेशन, यात वरच्या पापणीखाली डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक छोटं झाकण कापून पाण्याला नवीन वाट करून देतात, तिथे पाण्याचा एक बारीक फुगा तयार होतो त्याला ब्लेब म्हणतात. कोपरा कितीही चिकटलेला असो, ही वाट त्याच्यावर अवलंबून नाही, म्हणून प्रेशर जास्त खाली येतं. त्यांना काळजी आहे ती चिकटलेल्या अर्ध्या भागाची, कारण भिंग काढलं म्हणून तो सगळा आपोआप सुटेल असं नाही, आणि वर्षानुवर्षं चिकटून राहिलेला असला तर खालची जाळीही बहुधा निकामी झालेली असते.

मग दोन्ही करून टाकलं तर काय बिघडलं? बिघडतं. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी 2008 आणि 2009 मध्ये हीच तुलना केली, एकटा फेको (म्हणजे मोतीबिंदूचं, भिंग काढायचं ऑपरेशन) विरुद्ध फेको अधिक ट्रॅब, आणि दिसलं असं की एकत्र ऑपरेशननी ड्रॉप जरा कमी लागतात पण गुंतागुंती वाढतात. त्याच लोकांनी पुढे 2013 मध्ये मोतीबिंदू नसलेल्या 50 डोळ्यांवर नुसतं भिंग काढणं आणि नुसतं ट्रॅब अशी समोरासमोर तुलना केली, दोन वर्षं पाहिलं, प्रेशर दोन्हीकडे उतरलं, ट्रॅबवाल्यांना सरासरी एक ड्रॉप कमी लागला, पण गुंतागुंत ट्रॅबमध्ये 46 टक्के आणि भिंग काढण्यात 4 टक्के. शिवाय ट्रॅब झालेल्या तीनपैकी एका डोळ्यात नंतर मोतीबिंदू आलाच, म्हणजे दुसऱ्यांदा टेबलवर. अँगल क्लोजरचा डोळा छोटा आणि कॉर्निया व आयरिसमधला पुढचा कप्पा उथळ, त्यामुळे ट्रॅबनंतर तो कप्पा सपाट होणं, पाणी उलट्या दिशेनी मागे शिरून प्रेशर भडकणं, हे या डोळ्यांमध्ये जास्त होतं, ज्याला आम्ही मॅलिग्नंट ग्लॉकोमा म्हणतो. कॅन्सरशी त्याचा काही संबंध नाही, नाव ऐकून घाबरू नका, पण ते निस्तरणं सोपं नसतं आणि मी स्वतः अशा पेशंटसाठी रात्री दोनला ओटी उघडायला लावली आहे.

डोळा न तपासता मी शेवटचा शब्द देऊ शकत नाही पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून माझा कल स्पष्ट आहे, आधी एकटा फेको, आणि त्याच वेळी चिकटलेला कोपरा हलकेच सोडवून बघायचा, त्याला गोनिओसिनेकिओलिसिस म्हणतात, चिकटणं नवं असेल तर त्याचा फायदा होण्याची शक्यता जास्त. ट्रॅब हातचं राखून ठेवायचं, गरज पडली तर सहा महिन्यांनीही करता येतं, आणि भिंग निघालेल्या डोळ्यात कप्पा खोल झालेला असतो म्हणून ते करणं जरा सुरक्षितही होतं. पण माझं हे मत दोन गोष्टींवर उलटू शकतं. एक, फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्या तपासणीत, नजरेच्या अगदी मध्याजवळ डाग आला असेल, कारण मग प्रेशर हळूहळू उतरेल म्हणून वाट बघायला जागाच नसते. दोन, कोपरा अर्धा नाही तर पाऊण किंवा जास्त चिकटलेला निघाला. तसं असेल तर एकत्र ऑपरेशन सांगणारे डॉक्टर बरोबर आहेत, आणि मीही तेच सांगेन.

म्हणून परत जाल तेव्हा कोणतं ऑपरेशन मोठं, कोणतं चांगलं असं विचारू नका. विचारा की गोनिओस्कोपीत कोपरा किती तास चिकटलाय (घड्याळाच्या काट्यांसारखं मोजतात, सहा तास म्हणजे अर्धा) आणि फील्डमध्ये नस किती उरलीय. गोनिओस्कोपी म्हणजे डोळा बधिर करून आरशाचं छोटं भिंग कॉर्नियावर टेकवून, खोलीतला दिवा घालवून, कोपऱ्यात डोकावून बघणं. दुखत नाही, गार लागतं फक्त, आणि पेशंटनी सरळ समोर बघत राहायचं असतं. ही तपासणी केल्याशिवाय कोणी अँगल क्लोजरच्या ऑपरेशनची तारीख देत असेल तर तारीख घेऊ नका.

हेही विचारा की असे उथळ डोळे ते नेहमी करतात का. हा फेको साध्या मोतीबिंदूसारखा नसतो, जागा कमी, बाहुली नीट मोठी होत नाही, भिंगाला धरून ठेवणारे धागे कधी कधी कमजोर निघतात, आणि छोट्या डोळ्यात लेन्सचा नंबर काढताना चूक होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे नंतर थोडा चष्मा लागला तर ऑपरेशन फसलं असं समजू नका. लेन्स साधी, एकाच अंतराची मोनोफोकलच घ्या. कोणी मल्टीफोकलचं (जवळ-लांब दोन्ही दाखवणाऱ्या लेन्सचं) महाग पॅकेज सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा, नस आधीच कमजोर असलेल्या डोळ्यात ती लेन्स फिकट-गडद यातला फरक ओळखायची ताकद अजून कमी करते.

काकांच्या ओळखीतल्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं. असं होतं, ते नाकारणार नाही. पण बहुतेक वेळा माणूस ऑपरेशनला येतो तोपर्यंत नस जवळजवळ संपलेली असते, ऑपरेशन उरलेलं वाचवण्यासाठी असतं आणि गेलेलं ते आणून देत नाही. तीन ड्रॉपवर 27 आणि कप 0.7 म्हणजे पोळा झाल्यावर बघू, दिवाळी झाल्यावर बघू असं चालणार नाही, दोन-चार आठवड्यांत ठरवा. आणि डावा डोळा! त्याच्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिला नाही. त्याची गोनिओस्कोपी आणि फील्ड त्याच दिवशी करून घ्या.

प्रश्न 2: माझे वडील 71 वर्षांचे, आम्ही काटोलजवळ राहतो. डावा डोळा काचबिंदूनी पूर्ण गेला. उजव्याचा मोतीबिंदू तीन वर्षांआधीच काढला आहे. आता उजव्या डोळ्यानी नळीतून बघितल्यासारखं दिसते म्हणतात. ड्रॉप आणि डायमॉक्सच्या गोळ्या घेऊनही प्रेशर 32. एकानी ट्रॅब सांगितलं, एकानी डोळ्यात व्हॉल्व्ह बसवू म्हटलं. ऑपरेशननंतर नजर परत येईल का? खर्चही झेपला पाहिजे. (एक मुलगा)

उत्तर: नजर परत येणार नाही. हे वाचायला कडू आहे पण वडिलांना हे ऑपरेशनच्या आधी तुम्हीच शांतपणे सांगा, नाहीतर पट्टी काढल्यावर ते डॉक्टरांकडे बघतील आणि म्हणतील काहीच झालं नाही. ऑपरेशन त्या नळीएवढ्या नजरेसाठी आहे, त्या नजरेनी ते अजून अंगणात फिरतात, ताटातली भाकरी ओळखतात, नातवाचा चेहरा बघतात.

भिंग आधीच निघालंय, म्हणजे वर सांगितलेला फेकोचा रस्ता संपला. पाण्याला नवीन वाट करूनच द्यावी लागेल, आणि इतका पुढे गेलेला काचबिंदू असला की आम्हाला प्रेशर 18 चालत नाही, 12 च्या आसपास हवं असतं. तेवढं खाली आणायची ताकद ट्रॅबमध्ये चांगली आहे. त्यात मायटोमायसिन नावाचं औषध दोन-तीन मिनिटं लावून धुऊन टाकतात म्हणजे वाट परत भरून येत नाही. पण ट्रॅबचं खरं काम ऑपरेशननंतर सुरू होतं, पहिल्या महिन्या-दीड महिन्यात दर आठवड्याला, कधी आठवड्यातून दोनदा जावं लागतं, टाके लेझरनी एकेक करून सोडतात, प्रेशर फार खाली गेलं तर पट्टी, फार वर गेलं तर मसाज. काटोल ते नागपूर साठेक किलोमीटर, सोबत कोण येणार, ते आधी ठरवा. हे होणार नसेल तर ट्रॅब करून पैसे आणि डोळा दोन्ही घालवू नका, मी हे अगदी मनापासून सांगते, कारण चांगलं झालेलं ट्रॅब नुसत्या फॉलो-अपअभावी बंद पडलेलं मी फार वेळा बघितलंय.

व्हॉल्व्ह म्हणजे एक बारीक नळी डोळ्याच्या आत आणि तिची चपटी प्लेट मागे पांढऱ्या भागावर, पाणी नळीतून प्लेटकडे जातं. आधी मोतीबिंदूचं किंवा ट्रॅबचं ऑपरेशन होऊन जागा खराब झालेली असली तर हा पर्याय जास्त टिकतो. अहमद व्हॉल्व्ह पहिल्या दिवसापासून काम करतो, महिना-दीड महिन्यानी काही काळ प्रेशर चढतं तेव्हा ड्रॉप परत लागतात. दुसरी नळी आपल्या देशातली आहे, मदुराईची ऑरोलॅब बनवते, आडी म्हणतात तिला, परदेशी नळ्यांपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि प्रेशर चांगलं खाली आणते. फक्त तिच्यात व्हॉल्व्ह नाही म्हणून नळी दोऱ्यानी बांधून ठेवतात, तो दोरा पाच-सहा आठवड्यांनी विरघळतो आणि मग नळी उघडते, तोवर औषधं चालू ठेवावी लागतात. 32 प्रेशर असलेल्या एकुलत्या एका डोळ्याला ते पाच-सहा आठवडे झेपतील का, हा प्रश्न डॉक्टरांना नक्की विचारा.

पांढऱ्या भागावरून डायोड लेझर मारून पाणी तयार होणंच कमी करायचं, हाही एक उपाय आहे, पण ज्या एकाच डोळ्यावर सगळं आयुष्य उभं आहे त्याला मी तो पहिल्या क्रमांकावर ठेवणार नाही.

माझं मत, मोतीबिंदूच्या वेळी पांढऱ्या भागावरची त्वचा कापली गेली नसेल आणि ती मोकळी असेल, आणि येणं-जाणं जमणार असेल, तर ट्रॅब. नाहीतर नळी. खर्चासाठी नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं, मेडिकल, मेयो आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे डोळ्यांचा विभाग आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारा, तारीख घेण्याआधी विचारा. आणि डायमॉक्सवर वडिलांच्या हातापायाला मुंग्या येत असतील तर घाबरू नका, पण किडनीचा काही त्रास किंवा मुतखडा असेल तर डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे.

प्रश्न 3: मी 47 वर्षांची, नंदनवनला राहते. माझ्या मोठ्या बहिणीला मागच्या वर्षी काचबिंदूचा अटॅक आला होता. म्हणून मी तपासून घेतलं, तर अँगल अरुंद निघाला, प्रेशर 15, नस चांगली. डॉक्टर म्हणतात दोन्ही डोळ्यांना लेझर करून घ्या. मला काहीच त्रास नाही, मग काऊन करू? (एक गृहिणी)

उत्तर: बहिणीमुळे स्वतः जाऊन तपासलंत हे फार चांगलं केलं. खरंच, असं फार कमी लोक करतात.

नुसता अरुंद कोन म्हणजे आजार नाही, शक्यता आहे. चीनमध्ये ग्वांगझू इथे अशा 889 लोकांच्या एका डोळ्याला लेझर केलं आणि दुसरा तसाच ठेवला, सहा वर्षांनी लेझरवाल्या 19 डोळ्यांत बिघाड झाला आणि बिनलेझरच्या 36 डोळ्यांत. म्हणजे लेझरनी धोका जवळजवळ निम्मा झाला हे खरं, पण मुळात बिघडले किती, तर थोडेच. त्यामुळे सरसकट सगळ्यांना लेझर करू नका असंच त्यांनी 2019 मध्ये लिहिलं. इकडे आपल्या वेल्लोरच्या जुन्या अभ्यासात मात्र पाच वर्षांत 50 पैकी 11 जण पुढच्या पायरीवर गेले होते, लहान अभ्यास होता पण लोक आपले होते.

तुमच्या जागी मी असते तर करून घेतलं असतं, आणि ते फक्त बहिणीमुळे. सख्ख्या भावंडाला हा आजार असला की आपला डोळाही त्याच बांधणीचा असण्याची शक्यता मोठी. लेझर पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आधी बाहुली बारीक करणारा ड्रॉप टाकतात त्यानी कपाळ दुखतं, नंतर तासाभरानी प्रेशर परत मोजतात, तेवढं मोजल्याशिवाय घरी जाऊ नका. कोणाकोणाला नंतर उजेडाची एक रेघ दिसत राहते, बऱ्याचदा तिची सवय होते. नसेलच करायचं तर दर वर्षी तपासणी, एकही वर्ष न चुकवता, आणि सर्दीच्या गोळ्या, पोटदुखीची काही औषधं, डिप्रेशनच्या काही गोळ्या घेण्याआधी अँगल अरुंद आहे हे सांगायचं.

आणि अटॅक कसा असतो ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. कुहीकडची एक बाई माझ्याकडे दोन दिवसांनी आली होती, अर्धं डोकं फुटतंय, उलट्या, डोळा लाल, गावात पित्त म्हणून गोळ्या दिल्या होत्या. डोळ्यावर टॉर्च मारला तर कॉर्निया आंघोळीनंतरच्या आरशासारखा वाफाळलेला, बाहुली अर्धवट मोठी आणि हलतच नाही, प्रेशर 58. तिनी सांगितलं, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी दिसत होती दोन महिन्यांपासून, संध्याकाळी. कोणी विचारलंच नव्हतं. डोळा लाल आणि उलटी एकत्र दिसली की आधी डोळ्याच्या डॉक्टरकडे, रात्र असली तरी. आणि तुमच्या बहिणीच्या दुसऱ्या डोळ्याला लेझर झालंय का ते आजच विचारा, कारण एका डोळ्याला अटॅक आला की दुसऱ्याला पाच-दहा वर्षांत येण्याची शक्यता निम्मीच्या आसपास असते.

प्रश्न 4: मे महिन्यात आमच्याकडे 45-46 डिग्री असतं. काचबिंदूचे ड्रॉप खराब होतात का? (एक वाचक, हिंगणा रोड)

उत्तर: होऊ शकतात. लॅटानोप्रोस्टच्या बऱ्याच बाटल्या उघडण्याआधी फ्रिजमध्ये ठेवायच्या असतात आणि उघडल्यावर 25 डिग्रीच्या आत सहा आठवडे चालतात, आता आपल्याकडे मे महिन्यात 25 डिग्री असते कुठे, म्हणून उघडलेली बाटलीही फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीजरमध्ये नको. काही कंपन्यांची बाटली बाहेर चालते, खोक्यावर लिहिलेलं असतं ते वाचा. औषधाच्या दुकानातून घेताना बाटली फ्रिजमधून काढून देतात का बघा, नुसती शेल्फवरून उचलून दिली तर विचारा. उघडल्याची तारीख बाटलीवर पेननी लिहून ठेवा. आणि गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा बाहेर उभ्या केलेल्या स्कूटरच्या डिक्कीत दुपारभर राहिलेली बाटली परत वापरू नका, दीड-दोनशे रुपये गेले तरी चालतील.